इरम्मा आणि बसऱ्याची नाणी

तामलवाडीच्या इरम्मानं उभ्या जन्मात जेवढी हाडं मोडली, त्यातली निम्मी तिच्या दिराची, शिवलिंगची. बाकीची कुणाची, तेही सांगतो.

पहिलं मनगट. तिचे सासरे वीरप्पा पहिल्या महायुद्धात खेचरं हाकायला बसऱ्याला गेले होते. येताना त्यांनी पगारापेक्षा खोकला जास्त आणला, आणि पत्र्याच्या डबीत चिंचोक्याएवढी तुर्की नाणी. मरताना ती डबी त्यांनी पोटच्या पोराला न देता विधवा सुनेच्या पदरात टाकली. शेवटच्या दुखण्यात त्यांचं हगणंमुतणं तिनंच काढलं होतं. इरम्माला जन्मात कुणी काही आपणहून दिलं असेल तर ते एवढंच.

तुळजापूरच्या सोनारानं चांदी हलकी म्हणून डबी परत सरकवली होती. निजामाच्या हाली शिक्क्याच्या बाजारात तर त्या नाण्यांना कुणी चिमूटभर मीठ दिलं नसतं. पण शिवलिंगचं एकच: बापाचं आहे, निम्मं माझं. एका सकाळी तो थेट डबीला हात घालायला आला. इरम्मा ज्वारी कांडत होती. मुसळ उखळात उतरायचं, ते त्याच्या मनगटावर उतरलं.

"वैनी, मोडलं की वो."

"डावं हाय, भावजी. जेवायचा मोकळा हाय."

तेव्हापासून शिवलिंग शिंदीच्या दुकानात दुःख बुडवायचा. लिंगायत घरातला माणूस शिंदी पितो हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि बायकोमुळं गावाला. चार घोट पोटात गेले की त्या डबीचा हंडा व्हायचा आणि चांदीचं सोनं.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. रझाकारांची धामधूम होती, आणि त्या गोंधळात साधे दरोडेखोरही हात धुऊन घेत होते. भर दुपारी तिघांनी शिवलिंगला केसांनी ओढत इरम्माच्या दारात आणलं. तोंडाचा चेंदामेंदा झालेला. एकानं त्याच्या मानेवर कुऱ्हाड टेकवली.

"बाई, सोनं काढ. न्हायतर ह्यो गेला."

आत इरम्माच्या मनात आलं, जाऊ दे मेल्याला. खोटं कशाला बोला. तेवढ्यात कुऱ्हाडवाल्यानं शिवलिंगचा कान उडवला. "यव्वा गं," तो कण्हला, आणि तो आवाज हुबेहूब मामंजींचा होता. रात्र रात्र ते असेच कण्हायचे.

"थांबा, आणते," ती म्हणाली.

उतरंडीमागं ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठीची. दारू होती, पण छर्रे डुकरांनीच संपवले होते. इरम्मानं नळीत दारू ओतली, चिंधी ठासली आणि डबी उघडली. क्षणभर ती नाण्यांकडं बघत राहिली. मग सगळी डबी नळीत रिकामी केली, वरून चिंधी ठासली, घोड्याखाली दारूची टोपी चढवली आणि दारात आली.

"घ्या."

कुऱ्हाडवाल्याला तोंडच राहिलं नाही. दुसऱ्याच्या गुडघ्याच्या चिंधड्या झाल्या. तिसरा पळाला, त्याला तिनं गोठ्यापाशी गाठलं आणि बंदुकीच्या दस्त्यानं खांदा, मग बरगड्या, सावकाश मोडल्या. परत आली तर शिवलिंग रक्तात लोळत होता. एक नाणं त्याच्या डाव्या खुब्यात घुसलं होतं.

"म्या मधी होतो की, वैनी."

"तुमी कधी मधी नव्हता, भावजी?"

गाव धावून आलं. रक्तातनं नाणी वेचायला पुष्कळ हात लागले, डबीत मात्र थोडीच परत आली. पुढं पाटलाच्या सुनेच्या गळ्यात तशी दोन दिसली, पण आपण कशाला बोला.

सोलापूरचा डॉक्टर म्हणाला, नाणं हाडात बसलंय, काढलं तर पाय जाईल. शिवलिंगला खाटेवरून उठायला पुढचा उन्हाळा लागला. त्याचंही हगणंमुतणं इरम्मानंच काढलं, कारण बायको माहेरी जाऊन बसली होती. वाट्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. काय म्हणून काढणार?

म्हातारपणी तो तिच्या आधी गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला मांडी घालून खड्ड्यात बसवायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, ते नाणं काढून घ्यायचं का? म्हातारीनं नुसतं बघितलं, तसा तो माणूस गर्दीत मागं सरकला.

"उजव्या अंगाला जरा कलवा," इरम्मा काठावरून म्हणाली. "डाव्यावर भावजींना बसवत न्हाय."