काट्यावर चढण्याआधी सगळे उतरले

गेल्या जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी बेलव्ह्यूतल्या टायरच्या दुकानाने आमचं मोटरहोम, म्हणजे आत झोपायची सोय असलेली मोठी गाडी, रस्त्यावर न्यायला मनाई केली. सहाही हिवाळी टायर त्याच दुकानाने त्याच आठवड्यात बसवले होते. नवे टायर थोडे चालले की चाकांचे नट पुन्हा आवळावे लागतात. तेवढ्यासाठी थांबून तिथूनच स्पोकेनला निघायचं होतं.

स्पोकेनला माझी नणंद राहते. सोमवारी सकाळी तिचं सिझेरियन ठरलं होतं. सासूबाई त्यासाठीच नागपूरहून आल्या, पण विमानात त्यांची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, बसून लांबचा प्रवास नको. मोटरहोममध्ये पट्टा लावून आडवं होता येतं. मात्र वाटेत बर्फाचा घाट आहे, म्हणून हिवाळी टायर.

निवड नवऱ्याने केली. त्याने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. भरपूर सल्ले आले. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणाकडेही मोटरहोम नव्हतं. शेवटी दोन प्रकारचे टायर उरले. एक कडक, जास्त भार पेलणारा. दुसरा मऊ, बर्फावर पकड चांगली, पण भार कमी पेलणारा. "आईच्या कंबरेला मऊच बरा यार," नवरा म्हणाला. दुकानातल्या मॅनेजर बाईंनी अट घातली: मऊ हवा असेल तर सगळं सामान भरून ट्रकच्या काट्यावर वजन करून आणा.

त्या दिवशी मी ऑफिसात होते. त्याने आणलेला आकडा दुकानाला चालला.

शुक्रवारी मागचे टायर भाराने जमिनीपाशी फुगलेले दिसले. वजन करताना सगळे गाडीत होते का, असं मॅनेजर बाईंनी विचारलं.

"बेसिकली, हो," नवरा म्हणाला.

"बेसिकली म्हणजे?" मी विचारलं.

उत्तर सासूबाईंनी आतून, आडव्या पडल्या पडल्या दिलं. "अगं, मी, तुझी पोरगी, सगळे उतरलो होतो ना. तांदळाची पोतीही खाली घेतली. पाण्याची टाकी यानं रिकामी केली. चांगलं कमी आलं वजन."

"कमी कशाला यायला हवं होतं, आई?"

"काय बाप्पा! काट्यावर कमीच नको का? विमानतळावर लोणचं काढून पर्समध्ये टाकतो, तसंच."

"तिथे जास्तीचे पैसे लागतात. इथे कोण मागत होतं?"

"मग यानं कशाला उतरवलं मला, दुखऱ्या कंबरेनं?"

नवरा टायरकडे बघत होता. "सवय," तो म्हणाला.

हे सगळं मी इंग्रजीत सांगितलं. मॅनेजर बाईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, कडक टायर मंगळवारी येतील. तोवर वजन उतरवा, नाहीतर गाडी इथेच राहील.

पाणी सोडून दिलं. तांदूळ, कणीक, दगडी खलबत्ता, ग्राइंडर, नणंदेच्या घरी आधीच असलेला आणि तरीही घेतलेला दुसरा कुकर, सगळं दुकानाच्या अंगणात मांडलं. नवऱ्याने घरून कार आणली. तिच्या डिकीत मावलं तेवढं भरलं. डिंकाच्या लाडवांचा डबा सासूबाईंनी उचलून पोटाशी धरला.

"हा माझ्या वजनात धरा."

"आई, पोटाशी धरला म्हणून वजन कमी होत नाही," नवरा म्हणाला.

"मग तू उतर. तसंही बाळंतिणीपाशी तुझं काय काम?"

तो उतरला. त्याने आमच्या मुलीला घेऊन कारने मागून यायचं ठरलं. मोटरहोम मी चालवायचं.

दुपारी पुन्हा काट्यावर गेलो. सासूबाई मागे आडव्या, डबा त्यांच्या पोटाशी, मी स्टिअरिंगवर. कुणी उतरलं नाही. आकडा टायरांच्या मर्यादेत आला. मॅनेजर बाईंनी नट आवळून दिले.

घाट उघडा होता. संध्याकाळी स्पोकेनला पोचलो. नणंदेला सोमवारी सकाळी मुलगी झाली. सासूबाई तेव्हा लेकीसाठी इस्पितळात हजर होत्या.