गवती चहाचा बर्फ

नंदावहिनी गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील. त्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी फ्रीजरमधून बर्फाचा ट्रे काढत होते. "बाई, आई गेली," एवढंच ती म्हणाली. ट्रेमध्ये वहिनींनीच करून दिलेला गवती चहाचा पिवळट बर्फ होता. मी तो परत आत ठेवला आणि फ्रीजला टेकून उभी राहिले.

उचगावात आमच्या दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. मी शाळेतून निवृत्त झाले आणि रोज चार वाजता त्या भिंतीवरून हाक यायला लागली. वहिनी परसातला गवती चहा कापायच्या, त्यात तुळस, पुदिना, कधी सुकवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या घालून पातेलंभर पाणी उकळायच्या. गाळलेला अर्धा चहा आम्ही दोघींनी प्यायचा. उरलेला निवला की कापसानं तोंडाला लावायचा, नाहीतर डाळीच्या पिठात कालवायचा, त्यातूनही राहिला तर त्याचा बर्फ. त्यांचा नियम एकच होता. "पिता येत न्हाय ते तोंडाला लावायचं न्हाय." गल्लीतल्या बायका मुरमं, वांग, उन्हानं रापलेली मानगूट घेऊन यायच्या, त्यांनाही हेच ऐकवायच्या. "तुमचं अक्षर चांगलं हाय, तुम्हीच लिवा की," म्हणून तो नियम पुठ्ठ्यावर मी लिहून दिला. त्यांच्या ओट्यावर तो कितीतरी वर्षं टांगलेला होता. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू...

मग वहिनींच्या नाकाशेजारी मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका आला. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं. चहाचा कापूस, चहाचा बर्फ, सगळं झालं. चार-पाच महिन्यांनी मीच हट्ट करून त्यांना कोल्हापुरात डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या, छोटा तुकडा काढून तपासून घेऊ." परतताना रिक्षात वहिनी ती ट्यूब उलटीसुलटी करून बघत होत्या. "बाई, हे पिता येतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

मी हसले. चांगली खळखळून हसले. त्याही हसल्या. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. चारचा चहा मात्र एकही दिवस चुकला नाही. जवळजवळ वर्षभर मी त्यांच्यासमोर बसून तो प्याले, ठिपक्याचा व्रण होताना पाहिला आणि गप्प राहिले. याला दुसरं नाव नाही, मी कच खाल्ली.

मानेत गाठ आली तेव्हा सुजातानं त्यांना दवाखान्यात नेलं. त्वचेचा कॅन्सर आत पसरला होता. शेवटची भेट झाली तेव्हा अर्धा चेहरा पट्टीखाली होता आणि घोट गिळणं बंद झालं होतं. तरी मी थर्मासमधून चहा नेलाच. "आणलासा व्हय?" त्या पुटपुटल्या. मी कापूस भिजवून ओठांना लावला, चहा हनुवटीवरून ओघळला. त्यांनी माझा हात धरून चांगल्या गालाकडे नेला. "आता नुसतं लावा... पिता येत न्हाय."

मी गाल पुसत राहिले. शेवटी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी रिक्षात मी हसायला नको होतं."

 त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुम्ही हसलासा म्हणून तर बरं वाटलं हुतं. मी लई भ्यालतो, बाई."

इतकी वर्षं शेजारी राहून मला वाटत होतं, ही बाई हट्टी आहे.

दिवसकार्य झाल्यावर सुजातानं ओट्यावरचा पुठ्ठा काढला. "तुमचं अक्षर हाय, तुम्ही न्या," म्हणाली. मी आणला आणि कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला. बर्फाचा ट्रे अजून फ्रीजरमध्ये आहे. चार वाजले की मी दार उघडते. बाराच्या बारा खडे तसेच आहेत, आत गवती चहाचं एखादं पातं अडकलेलं दिसतं. तो पिताही येतो आणि लावताही येतो. मी बघते आणि दार लावते.