विजेनं धरलेला उजवा हात

डॉक्टरांनी ते भांडं उजेडाकडं तिरकं केलं आणि विचारलं, "हे ओतून टाकू नका असं कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. रंग बरा दिसंना, म्हणून ठेवलं," माझी थोरली जाऊ म्हणाली.

भांड्यात माझी लघवी होती. काकवीसारखी काळपट. डॉक्टर म्हणाले, "रॅब्डोमायोलिसिस." मग आम्हाला कळेल असं सांगितलं. विजेनं हाताचे स्नायू आतून भाजले होते. मेलेल्या स्नायूंतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकत होता. कळायला उशीर झाला असता, तर किडन्या बंद पडल्या असत्या.

त्या सकाळपर्यंत मी धडधाकट होते. गगनबावडा रस्त्यावर आमचं गाव. घरी चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. गोठा नुकताच धुतला होता आणि मी अनवाणी कडबाकुट्टीत वैरण सारत होते. यंत्राची वायर आत कुठंतरी सोलली होती. उजवा तळवा लोखंडाला लागला आणि तिथंच चिकटला. सोडायला गेले तशी बोटं आणखी आवळत गेली. ओरडायचं होतं, पण जबडा उघडेना.

जावेचा गोठा आमच्या गोठ्याला लागून, मधे कमरेएवढी भिंत. तिचं नाव मालन, मी अक्का म्हणते. त्या दिवसापुरतं 'म्हणायचे' असं लिहायला हवं. कारण वाटणीनंतर दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. तिनं भिंतीवरून मला बघितलं. दुसरं कुणीही धावत येऊन मला ओढलं असतं, आणि तेही चिकटलं असतं. अक्का माझ्या शेजारून तशीच पुढं पळाली, आमच्या सोप्यात शिरली आणि मेन स्विच खाली ओढला. तिचा भाऊ आजऱ्याला वायरमन. आधी बटण, मग माणूस, हे त्यानं तिला कितीदा तरी बजावलेलं.

मी खाली कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा तळव्यावर रुपयाएवढा करडा डाग होता आणि तसाच एक टाचेवर. एका ठिकाणी वीज शिरली, दुसरीकडून बाहेर पडली. मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणाले, "बोलतीया की नीट. हळद लावून पडू दे जरा."

"वरनं काय दिसतंय तुम्हास्नी?" अक्का म्हणाली. "वीज आतनं जाळती. गाडी काढा." आणि ती माझ्याशेजारी गाडीत बसली.

कोल्हापुरात पोचल्यावर आधी ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. ठोके मधेच चुकत होते, म्हणून छातीला वायरी लावून देखरेखीत ठेवलं. दुपारी लघवीचा रंग बदलला. ते भांडं तेव्हाचं. लगेच सलाइन जोरात सुरू झालं.

संध्याकाळी हात कोपरापर्यंत दगडासारखा झाला. नर्सनं बोटं सरळ केली तर डोळ्यांपुढं अंधारी आली. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. आत सूज एवढी वाढते की रक्त पुढं सरकत नाही. त्यावर फॅसिओटॉमी, म्हणजे आतला दाब मोकळा करायला हात उभा चिरतात. मालकांनी सही केली. अक्का डॉक्टरांना म्हणाली, "हात ऱ्हाईल का, तेवढं खरं सांगा." डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू. शब्द देत नाही."

हात राहिला. पुढं मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. तीन आठवड्यांनी घरी आले.

खरा आजार घरी आल्यावर कळला. बोटांत मुंग्या यायच्या. नावं विसरायची. मिक्सर सुरू झाला तरी अंग कापायचं. दिव्याचं बटण दाबायला मी मुलीला हाक मारायचे. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "नस फार हळू वाढते. रोज व्यायाम आणि धीर, दुसरं औषध नाही." हे तुमच्यापैकी कुणावर आलं, तर घाबरू नका. आणि डाग लहान आहे म्हणून घरीही थांबू नका.

व्यायामाला अक्का रोज यायची. रबरी चेंडू दाबायचा, कणीक मळायची. एकदा मी म्हटलं, "अक्का, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले होते."

"पंधरा झाल्यात. अजून पाच दाब," ती म्हणाली.

त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. ती उपकार केल्यासारखं कधी वागली नाही, आणि ते मला तिच्या धावण्यापेक्षाही मोठं वाटतं.

आठ महिन्यांनी शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी माझ्याकडून टेबलावरची टाचणी उचलून घेतली. मग अक्काकडं वळून म्हणाले, "मावशी, यांचा जीव तुमच्यामुळं वाचला. किडन्याही."

अक्कानं पदर सावरला. "ते झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून मुकं हाय, त्याचं काय करायचं, ते सांगा."

ती दोन बोटं अजून मुकीच आहेत. उरलेल्या बोटांनी मी धार काढते. वेळ लागतो, पण म्हशी आता खोळंबून उभ्या राहायला शिकल्या आहेत.