कोर्ट उठेपर्यंत

आमच्या आईने पहिलीच्या पोरांना वर्षानुवर्षं एकच नियम लावला. खडू कोणी फेकला असं विचारलं, की जो कबूल करेल त्याने खाली बसायचं, बाकीचे उभे. तिच्या वर्गात कबुलीनंतर विषय संपायचा. कोर्टातही तो तसाच संपतो असं तिला वाटलं. मला त्या नियमाचा आजही संताप येतो.

ठाण्याजवळच्या दिव्यात आमच्या बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर आला की भांडण ठरलेलं. त्या दिवशी दोघीजणी पाइपवरून एकमेकींच्या झिंज्या धरून होत्या आणि आई सोडवायला मध्ये पडली. पोलिसांनी रस्त्यावर मारामारी केल्याची केस केली, त्यात आईचंही नाव घातलं.

ठाण्याच्या कोर्टात पहिल्याच तारखेला तिला विचारलं, गुन्हा कबूल आहे का? शाळेत परीक्षा तोंडावर आलेली, रजा शिल्लक नाही. बाहेर कोणीतरी सांगितलेलं, "हो म्हणून टाका बाई, आजच मोकळ्या व्हाल." ती हो म्हणाली. किरकोळ दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा. पर्स मांडीवर घेऊन ती संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसली. घरी येऊन म्हणाली, "सुटले गं एकदाची."

त्या दोघी मात्र नाही म्हणाल्या. तारखांना हेलपाटे घातले, साक्षीदार फिरकलाच नाही, निर्दोष सुटल्या. हल्ली त्याच पाइपपाशी गळ्यात गळे घालून उभ्या असतात. मी दुसऱ्या जिन्याने उतरते.

पुढे शाळेने सगळ्या शिक्षकांकडून पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागवला. आईच्या दाखल्यावर शिक्षेची नोंद आली. तिच्याहून वयाने लहान मुख्याध्यापिकेने तिला चहा पाजला आणि म्हणाली, "बाई, हे वरच्या कोर्टातून रद्द करून आणा. तोवर वर्गावर नको."

वकिलांनी आडपडदा ठेवला नाही. "कबुली दिली की दोषी ठरवल्याविरुद्ध अपील चालत नाही. शिक्षा जास्त झाली, एवढंच म्हणता येतं. लावून बघू." आईने त्यातलं फक्त 'लावून बघू' ऐकलं. रोज संध्याकाळी ती दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं टाचण काढायची. कोणी मागितलेलं नव्हतं. मला ते बघून रडू यायचं आणि मी तिच्यावरच चिडायचे.

अपिलाच्या दिवशी न्यायाधीशांनी कागद चाळले. आवाज चढवला नाही.

"बाई, तुम्ही स्वतः हो म्हणालात. शिक्षाही भोगून झाली. आता मी त्यातलं कमी काय करू?"

"साहेब, मी भांडण सोडवत होते."

"ते तेव्हा सांगायचं."

अपील फेटाळलं. लगेच पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. वकील फाइल काखेत मारून निघाले. मी दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं, तर आई मागच्या बाकावर जाऊन बसलेली. पर्स मांडीवर.

"आई, चल ना," मी परत येऊन हळूच म्हटलं. "आज तुला बसायला नाही सांगितलेलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिची दुपारची शाळा भरायची वेळ झाली होती.

"मग जाऊ कुठे?" ती म्हणाली.