तीन घंटांचं मशीन

नातीच्या मोबाइलवर खेळांचं दुकान उघडलं की वरच्या बाजूला रकाने दिसतात. कोडी, शर्यत, पत्ते, लढाई, आणि एका कोपऱ्यात फिरणाऱ्या चित्रांचे खेळ. बटण दाबायचं आणि तीन चित्रं जुळायची वाट बघायची. ती खेळ निवडते, मी रकाने तपासते. कोणता खेळ चुकीच्या घरात बसवलाय ते मी सांगायला लागले की ती म्हणते, "आजी, पुरे." तिला कुठे ठाऊक आहे, की नागपुरात खेळांचे रकाने पहिल्यांदा मी पाडले. निदान आमच्या शाखेत तरी पहिल्यांदा. पण हे काम आमच्या शाखेशिवाय दुसरं कोणी करत असल्याचं माझ्या कानावर नव्हतं, तेव्हा मोठेपणा घ्यायला हरकत नसावी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. रामदासपेठेतल्या एका कार्यालयात, परवाना शाखेत मी कनिष्ठ लिपिक होते. मेळ्यात, प्रदर्शनात कोणाला खेळाचा स्टॉल लावायचा असला की अर्ज आमच्याकडे यायचा. नियम साधा होता. हाताच्या कसबाचा खेळ असेल तर परवाना, नुसत्या नशिबाचा असेल तर नाही. पण कोणता खेळ कशात मोडतो हे ठरवायचं कसं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या आधी जे या टेबलावर होते ते अर्जदाराचं तोंड पाहून ठरवायचे. मला ते झेपेना. एक दोनशे पानी वही घेतली, पट्टी घेतली आणि रकाने आखले: खेळात काय हलतं, खेळणाऱ्याच्या हातात काय असतं, हरल्यावर पुन्हा संधी मिळते का, आणि शेवटचा, सरावाने खेळणारा सुधारतो का.

मग पर्समध्ये शिंप्याचा टेप घालून मी मेळ्यांत फिरायला लागले. रिंग फेकायच्या एका स्टॉलवर रिंग साबणावरून आरामात जायची, साबणाखालच्या लाकडी ठोकळ्यावरून जायची नाही, आणि बक्षीस मिळायचं ते साबण ठोकळ्यासकट रिंगेत आला तरच. तो अर्ज मी परत पाठवला. फुगे फोडायच्या एका बंदुकीची नळी वाकडी निघाली, पण ती रोज तेवढीच वाकडी असायची. नेम धरणारा दहा गोळ्यांत तिचा वाकडेपणा शिकून घ्यायचा. वहीत मी लिहिलं, 'कौशल्य, वाकड्या नळीसह.' शाखेतले लोक मला खेळमंत्री म्हणायला लागले. मीही चिडले नाही. मंत्र्यांपेक्षा माझी वही नीट होती.

सुरुवातीला साहेब प्रत्येक नोंदीवर दोन प्रश्न विचारायचे. वर्षभरात त्यांनी विचारणं सोडलं. "तुम्ही लिहिलंय ना, मग झालं," म्हणायचे आणि सही करायचे. त्या एका वाक्यावर मी पंख फुटल्यासारखी घरी जायची.

शेवटचा रकाना मी घरून उचलला होता. आम्ही विणकर. गोळीबार चौकाच्या मागे आमची वस्ती, आणि माझं लहानपण मागाच्या खटखटीत, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची ये-जा बघण्यात गेलं. बाबा लुगडी विणायचे. आमच्याकडे म्हणायचे, सरावाने हात बसतो आणि कापडात हात दिसतो. डोळे मिटून काठावर बोट फिरवलं की बाबा सांगायचे, हे कोणत्या घरचं. एका लुगड्यावर शक्यतो एकच हात चालायचा. विणणारा आजारी पडला आणि पुढचं दुसऱ्याला विणावं लागलं, किंवा मध्येच चूक होऊन गेली, तर त्या जागी काठाला लाल दोऱ्याची बारीक गाठ ठेवायची. घेणाऱ्याला दिसली पाहिजे. गाठ लपवणाऱ्याकडे वस्तीत कोणी दुसऱ्यांदा विश्वासाने बघायचं नाही.

मी नोकरीला लागले त्याच्या आसपास बाबांचा माग बंद पडला. पॉवरलूमच्या कापडापुढे त्यांच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही. ते इतवारीतल्या एका कापड दुकानात गठ्ठे बांधायला जायला लागले. रेशन कार्डाचा फॉर्म मीच भरला होता. धंद्याच्या रकान्यापाशी मी थांबले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मजुरी लिही." मी लिहिलं. त्या एका शब्दाइतकं जड मी आयुष्यात काही लिहिलं नाही.

तर अशात बर्डीच्या बाजारातून एक अर्ज आला. एका माणसाला व्हिडिओ गेमचं पार्लर काढायचं होतं, दहा मशीनचं. मी तपासणीला गेले. नऊ मशीन झटपट रकान्यांत बसली: विमानं पाडायची, गाडी पळवायची, भुलभुलैयातून सुटायचं, आणि एक, ज्यात खाली एक फळी डावी-उजवीकडे सरकवून चेंडूने वरच्या विटा फोडायच्या. दहावं वेगळं होतं. काचेमागे तीन चक्रं, त्यांवर लिंबू, द्राक्षं, घंटा अशी चित्रं. टोकन टाकलं की तिन्ही गरगरायची. प्रत्येक चक्राखाली एक बटण. तीन घंटा ओळीत आल्या की खालच्या वाटीत टोकनांचा पाऊस.

"हे नशिबाचं आहे," मी म्हटलं.

"कैसे बाई?" मालक म्हणाला. "तीन बटन आहेत ना. आपल्या आप थांबलं असतं तर लक. इथं तर खेळणारा खुद थांबवते. नजर पाहिजे, हात पाहिजे. तुम्हीच पाहून घ्या ना."

मी पाहिलं. चक्रं एका लयीत फिरत होती. घंटा वर आली की दाबायचं. पहिल्या तीन खेपा हुकल्या. चौथ्या खेपेला घंटा, घंटा, घंटा. वाटीत टोकनं खणखणली आणि मालक म्हणाला, "क्या हात आहे बाई तुमचा." मी विणकराची पोर. हाताची तारीफ केली की आमच्या लोकांची अक्कल गहाण पडते. कार्यालयात येऊन मी ऐटीत नोंद केली: 'खेळणाऱ्याच्या हाताने चक्र थांबते, सबब कौशल्य.' खाली सही ठोकली. साहेब दौऱ्यावर होते, बुधवारी यायचे होते. त्यांनी ती डोळे झाकून मंजूर केली असती.

रविवारी माहेरी जेवताना मी बाबांना ही फुशारकी सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती खेपा खेळली?"

"चार."

"चार धोट्यानं कापड समजते काय वं?" ते म्हणाले. "अन् दुसऱ्याचा हात लावून पाह्यला?"

मी हातातला घास ताटात ठेवला. शेवटचा रकाना मी रिकामा ठेवला होता. माझ्याच वहीतला, माझ्याच घरून घेतलेला. मी जिंकले म्हणजे माझा हात चांगला, इतकं मी धरून चालले होते. डोळ्यांपुढे मला शाळकरी पोरं दिसायला लागली, दप्तर घेऊन त्या मशीनपुढे उभी, आणि वर फ्रेममध्ये माझ्या नोंदीवर मिळालेला परवाना.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी बाबांना घेऊन बर्डीवर गेले. साहेब परतायला मंगळवारचा एकच दिवस मध्ये होता. बाबा पांढरा पायजमा, टोपी घालून आले होते. मालकाला मजा वाटली. "काकाजी खेळणार?" म्हणत त्याने तपासणीसाठी टोकनांची वाटी भरून दिली.

बाबा आधी नुसते बघत राहिले. मग मशीनच्या बाजूला डावा तळवा टेकवला, आणि उजव्या हाताने बटण. तीस खेपा ते पहिल्याच चक्रावर खेळले, प्रत्येक वेळी घंटेवर. मी कागदावर रेघा ओढत होते. सहा लागल्या, चोवीस हुकल्या. ज्या माणसाचा धोटा चाळीस वर्षं सुताची एक तार चुकला नव्हता त्याच्या चोवीस खेपा हुकल्या. त्यांनी हात मागे घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"हात गेला माह्या," ते हळूच म्हणाले. "गठ्ठे बांधून बांधून बोटं जड झाली."

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "आता तुम्ही मोजा, मी खेळते." आणि पदराने डोळे बांधले. मला चक्र दिसत नव्हतं, काहीच दिसत नव्हतं. तेच पहिलं बटण मन मानेल तेव्हा दाबत सुटले, तीस खेपा. पदर सोडला तेव्हा बाबा कागदाकडे बघत होते.

"सात," ते म्हणाले. "तुह्या सात. माह्या सहा."

त्यांनी अजून काही टोकनं टाकली, तळवा मशीनला लावून. "मी दाबतो तिथं हे थांबत नाही. एकदा एक घर पुढं सरकते, एकदा तीन घरं. थांबल्यावानी करते नुसतं. कुठं थांबायचं ते आतल्या आत ठरून राह्यलं हाय."

माझं काम तिथे संपलं होतं. पण बाबा अजून हाताकडेच बघत होते. मशीन खोटं ठरलं म्हणून त्यांचा हात खरा ठरत नव्हता, निदान त्यांच्या लेखी. मी त्यांना ओढत विटा फोडायच्या मशीनपाशी नेलं. म्हटलं, "इथं खेळून दाखवा."

"काहून?"

"रकाना भरायचा आहे."

पहिल्या तीन खेपांत चेंडू फळीच्या बाजूने निसटला आणि शेजारची कॉलेजची मुलं गालात हसली. चौथ्या खेपेला बाबांना लय सापडली. फळी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्यांचा खांदा मागावर हलायचा तसा हलायला लागला. पहिली भिंत संपली, दुसरी उभी राहिली, तीही संपली. चेंडूचा वेग वाढला. मुलं आपापली मशीन सोडून मागे येऊन उभी राहिली. एक जण म्हणाला, "काका, कब से खेलते हो?" बाबांनी मागे न बघता सांगितलं, "आजपासून."

ते थांबले तेव्हा पडद्यावरचा आकडा त्या मुलांच्या सगळ्या आकड्यांच्या वर होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका अभिमान वाटला की मी सरकारी तपासणीला आले आहे हे विसरून मीही वाजवल्या. बाबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हे खरं हाय. ह्याच्यात हात दिसते."

बुधवारी साहेबांपुढे मी वही ठेवली आणि सांगितलं की नोंद चुकली आहे, सही माझीच आहे. आता पुन्हा प्रत्येक नोंदीवर दोन प्रश्न सुरू होणार, हे मी धरून चालले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"पान बदला ना," ते म्हणाले. "जुनं काढा, नवीन लावा. माझ्यापर्यंत आलंच नव्हतं."

"पान राहू द्या साहेब." मी चुकलेल्या नोंदीच्या कडेला दाभणाने भोक पाडून लाल दोऱ्याची गाठ मारून आणली होती. खाली नवी नोंद होती: नशिबाचा खेळ, परवाना देऊ नये. गाठ कशासाठी, ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चाचणी कोणी घेतली?"

"माझ्या वडिलांनी."

"मग त्यांचं म्हणणं लागेल. सहीसह. उद्या आणा त्यांना."

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन रामदासपेठेत आले. माझ्या लग्नात घातलेला कोट घालून. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चक्र किती घरं सरकतं, ते तळव्याला कसं कळलं, हे सगळं स्वतः विचारून घेतलं. बाबा त्यांना 'साहेब' म्हणत होते, पण बोलताना आवाज खाली नव्हता. शाखेतले सगळे दारात येऊन उभे होते, मला खेळमंत्री म्हणणारेही.

जबाब मी लिहून काढला. वर तज्ज्ञाचं नाव, वय, पत्ता भरला. धंद्याचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला होता. लेखणी तिथे टेकवली आणि बाबांकडे बघितलं. ते वहीतली गाठ निरखत होते.

"बाबा, इथं काय लिहू?"

त्यांनी गाठीचा दोरा नखाने जरासा ओढून बघितला. पक्की बसली होती.

"विणकर लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं, आणि त्यांनी खाली सही केली.