भवानी टाकणारा हात

नोट मासळीच्या टोपलीत बर्फावर पडली. देवकीमावशीने ती उचलली नाही. तिने डाव्या हाताने आपला उजवा हात कोपराखालून ओढून काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“घेऊन जा तुझा हात,” ती म्हणाली. “भवानी टाकणारा हात मना नको.”

खारदांड्याचा बाजार नुकता लागत होता. शेजारच्या बायका काम सोडून बघत होत्या, आणि मी पाटावर उकिडवी बसलेली, मांडीवर आमच्या कंपनीचा सगळ्यात भारी रोबोटिक हात. वाट लागली होती नुसती.

मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हातपाय बसवणारी. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. देवकीमावशीचा उजवा पंजा बर्फ फोडायच्या मशीनमध्ये गेला. तेव्हापासून बाजारातली तिची जागा तिची जाऊ सांभाळत होती, आणि सांभाळता सांभाळता तिथे चांगली रमली होती. घरात ठरलं होतं, की नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा दर्यात जातील तेव्हा मावशीला एकटीने धंदा जमला तर जागा तिची, नाहीतर जावेची. म्हणून ती आमच्या नव्या हाताच्या ट्रायलला आली होती. तिला रोबोटबिबोटचं काही कौतुक नव्हतं. तिला तिची जागा हवी होती.

आता हा हात चालतो कसा, ते सांगते. पंजा गेला तरी कोपराखालचे स्नायू शिल्लक असतात. मूठ मिटायचा नुसता विचार केला तरी ते आवळले जातात आणि त्वचेवर अगदी बारीक वीज उमटते. हाताच्या आतले सेन्सर ती पकडतात आणि एक छोटी चिप ओळखते, की बाईला मूठ मिटायची आहे की उघडायची आहे. प्रत्येकाची वीज वेगळी, म्हणून चिपला आधी शिकवावं लागतं. त्याला आम्ही ट्रेनिंग म्हणतो. मावशीचं ट्रेनिंग झकास झालं होतं. ग्लास, चावी, अंडं, सगळं तिने उचललं होतं.

आणि बाजारात पहिलं गिऱ्हाईक आलं. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. मावशी भवानी रोखच घेते, तोवर क्यूआर कोडचा बोर्ड टोपलीमागे पालथा असतो. नोट उजव्या हातात घ्यायची, कपाळाला लावायची, टोपलीला टेकवायची, मग धंदा सुरू. नोट कपाळापर्यंत गेली आणि बोटं उघडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मावशीने हात काढला.

ऑफिसात आमचे बॉस केणी सर लॅपटॉपवर आकडे बघत होते. त्यांचं म्हणणं, बाकी सगळं उत्तम पकडतोय, एकाच कृतीसाठी एवढा गोंधळ कशाला? नोट डाव्या हाताने लावायला सांगा तिला.

मी मालवणी घरातली, कांदिवलीत वाढलेली. तोंड आवरत नाही.

“सर, तुम्ही देवाचा प्रसाद डाव्या हाताने घेता का?”

सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठेपर्यंत बघा, नाहीतर हा हात यादीतल्या पुढच्या पेशंटला जाईल.

सॉफ्टवेअर बघणारी श्वेता आणि मी कामाला लागलो. आम्हाला वाटलं, पाण्याचा प्रॉब्लेम असणार. बर्फ, खारं पाणी, घाम, सेन्सर ओले झाले की काहीही सांगत सुटतात. आम्ही सील बदललं, सेन्सर बदलले. मावशीच्या हातापाया पडून तिला अंधेरीला बोलावलं आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेला ग्लास पकडायला लावला. पकडला की! नोट दिली, तीही पकडली. मावशीने आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही दोघी वेड्या आहोत.

ती गेल्यावर मी वैतागून सेन्सरचा पट्टा माझ्याच हाताला बांधला. चिपला माझी मूठ शिकवली, खिशातली नोट घेतली आणि जमिनीवर उकिडवी बसले, मावशी बसते तशी. मूठ घट्ट मिटून नोट कपाळाला लावली.

“श्वेता, स्क्रीनवर काय दिसतंय गं?”

“उघड.” ती उठून उभीच राहिली. “तू मूठ उघडलीस?”

“मिटलेली आहे ना, बघ की!”

हात खाली आणला, स्क्रीन म्हणाली ‘मीट’. कपाळाला नेला, म्हणाली ‘उघड’. पाण्याचा काही संबंधच नव्हता. हात वर नेला, कोपर वाकवलं, की तेच स्नायू वेगळ्या तऱ्हेने ताणले जातात, त्वचेखाली सरकतात, आणि मिटलेली मूठ चिपला उघडलेली वाटते. आम्ही सगळ्यांना खुर्चीवर बसवून, कोपर टेबलावरच्या उशीवर टेकवून शिकवत होतो. आधीचे पेशंट ऑफिसवाले, माऊस आणि कॉफीचा मग पकडणारे. त्यांचं कोपर आयुष्यभर टेबलावरच! मला हसूही येत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती.

उपाय सोपा होता. मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तो कल ओळखणारा सेन्सर आमच्या हातातही होता, वापरत कुणी नव्हतं. श्वेताने तो जोडला, म्हणजे हात किती वर आहे ते चिपला कळणार. आणि मावशीला सगळं पुन्हा शिकवायचं होतं. खाली बसून, वाकून, टोपली उचलताना, कपाळाला नोट लावताना.

मावशी यायला तयार होईना. मी तिच्या घरी जाऊन बसले, चहा प्यायले, पुन्हा विनवलं. शेवटी आली ती टोपली भरून बांगडे घेऊन. खोट्या माशावर मी काय शिकणार, म्हणाली. ऑफिसच्या मधोमध पाट टाकून बसली. एसीने तो वास सगळ्या मजल्यावर पोचवला. शेजारच्या ऑफिसातून तक्रार आली. केणी सर नाकाला रुमाल लावून बाहेर आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि स्वतःच जाऊन शेजाऱ्यांची समजूत घालून आले. माणूस वाईट नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या आणि ताजी मासळी बाजारात आली. मावशी आपल्या जागेवर बसली होती. जाऊ शेजारी पाट टाकून, हाताची घडी घालून. ठरल्याप्रमाणे पहिलं गिऱ्हाईक मी. मी नोट पुढे केली.

बोटं मिटली. नोट वर गेली, कपाळाला लागली आणि तिथेच राहिली. मावशीने ती गरजेपेक्षा बराच वेळ तिथे धरून ठेवली आणि सगळा वेळ जावेकडे बघत होती. मग टोपलीला टेकवली. जाऊ उठली, पाट उचलला आणि टोपलीमागचा क्यूआर कोडचा बोर्ड सरळ करून ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

मी सुटे मागितले. मावशी म्हणाली, “भवानीचे सुटे देत नाय. सुरमई घे आणि जा.”

हल्ली आमच्या ट्रेनिंग रूममध्ये खुर्ची आधी बाहेर काढतात. पेशंटला पहिला प्रश्न विचारतो, की तुम्ही कामाला बसता कसे आणि नमस्कार कसा करता? मशीनला टेबलावर शिकवलं तर ते टेबलापुरतंच शिकतं. एवढं कळायला आम्हाला ऑफिसभर बांगडे लागले.