मामांचा खालचा दिवा

नगर जिल्ह्यात मोटार चालवणारे पुष्कळ होऊन गेले, पण मोटारीचा दिवा लावावा तो माझ्या बायकोच्या मामांनीच. गाडी काय, कोणीही हाकतो, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. माणूस ओळखायचा तो धुक्यात दिवा कसा लावतो यावरून. या एका कसोटीवर त्यांनी अर्धा तालुका नापास केला होता. त्यात दोन सरपंच होते, एक डॉक्टर होता, ट्रकवाले तर झाडून सगळे होते, आणि पुढे त्या यादीत माझ्या वडिलांचीही भर पडली. लोक मामांना चक्रम म्हणत. म्हणोत बापडे. मी त्यांचा भाचेजावई आहे आणि मला त्यांच्याबद्दल एका अक्षराची माघार घ्यायची नाही.

मामांची गाडी म्हणजे कुठल्याशा लिलावात उचललेली काळी अँबॅसिडर. तिचे दरवाजे सुतळीने बांधलेले असत, हॉर्न मर्जी असेल तेव्हा वाजे, आणि पाऊस आला की आत बसलेल्यांनी छत्री उघडायची असा रिवाज होता. या कशाचंही मामांना सोयरसुतक नव्हतं. पण दिवे! पुढचे दोन दिवे रोज सकाळी धोतराच्या सोग्याने पुसून लख्ख. बंपरच्या खाली, नडगीच्या उंचीला, आणखी दोन छोटे दिवे त्यांनी स्वतः बसवले होते आणि त्यांच्यावर पिवळा जिलेटिनचा कागद ताणून बांधला होता. दिवे इतके खाली का, असं विचारण्याची चूक मी एकदाच केली. मामांनी मला भल्या सकाळी कालव्याकडेच्या उसात नेलं, ओल्या बांधावर पालथं झोपायला लावलं आणि म्हणाले, "बघा जावईबापू, धुई भुईला टेकत न्हाई. वीतभर जागा सोडती. आपला उजेड त्या जागंतनं घालायचा." सासुरवाडीच्या नव्या सदऱ्याला चिखल लागला खरा, पण त्या वीतभर फटीतून पलीकडच्या बांधावरच्या शेळीचे चारही पाय मला स्पष्ट दिसले, हे कबूल केलं पाहिजे. मागच्या बाजूला कंपनीच्या दोन लाल दिव्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून डिकीच्या कडीला लाल काचेचा कंदील टांगलेला असे. धुक्यात गाडीच्या चारही काचा खाली. कितीही थंडी असो, मागच्या सीटवर कोणी शिंकून बेजार होवो, काच वर जायची नाही, कारण धुक्यात अर्धं डोळ्यांनी चालवायचं आणि अर्धं कानांनी. फाट्यावर आलं की ते गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करत आणि मान तिरकी करून ऐकत बसत.

धुकं फाटलं तरी मामांचे दिवे तास-दीड तास चालूच. आपल्याकडे फाटलं असेल, पुढच्या वळणावर असेलच, हा त्यांचा हिशेब. आता आपल्याकडे दिवसा दिवा लावलेली गाडी दिसली की समोरून येणाऱ्या प्रत्येकाला परोपकाराचं भरतं येतं. हात बाहेर काढून पाचही बोटं मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. तुमचा दिवा चालू राहिलाय हो! घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी तर मामांच्या वाटेवर दुतर्फा बोटांची उघडझाप चाललेली असे. दुसरा कोणी ओशाळला असता. मामा खुशीत येत. तेही हात बाहेर काढून तश्शीच बोटं मिटत-उघडत आणि मला कोपरानं ढोसून म्हणत, "दिसलो का न्हाई त्याला?" एकदा नाक्यावरच्या हवालदाराने लख्ख उन्हात गाडी अडवली आणि दिवा का चालू आहे म्हणून दरडावलं. मामांनी त्याला गाडी कशी दिसली ते विचारलं. दिव्यामुळे दिसली, असं तो बोलून गेला. त्यावर मामांनी गाडीतून उतरून त्याच्याशी हात मिळवला आणि तो पुढे काही बोलायच्या आत निघून आले. बॅटरीवाला बजावायचा की अशाने बॅटरी लवकर उतरते, तेव्हा त्यालाही उत्तर तयार होतं: बॅटरी परत भरून मिळती, पाय मोडलेला बैल न्हाई मिळत.

या माणसाची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नाच्या सकाळी झाली. एकाहत्तर सालचा माघ होता. मी नागापूरच्या एका नव्या कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि लग्नासाठी रजा मिळाली होती एक दिवसाची. त्यामुळे वऱ्हाड आदल्या दिवशीच पुढे गेलं, मी आणि वडील तेवढे नगरला राहिलो. मुहूर्त सकाळी नऊ वाजून चार मिनिटांचा. मुलीचं गाव इमामपूरचा घाट ओलांडून घोडेगावच्या अलीकडे, फाट्यावरून थोडं आत. आम्हांला आणायला मुलीचे मामा स्वतः येणार, असा निरोप होता, आणि साडेसहाला ते दारात हजरही झाले. म्हणजे ज्याच्याशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही तो मामा आणि ज्याच्याशिवाय लग्नच लागत नाही तो नवरा, असे दोघेही एकाच गाडीत बसलो. वडील पुढे बसले. मी मागे, मांडीवर फेट्याचा खोका.

जेऊरपर्यंत ठीक होतं. घाटात शिरलो आणि धुकं असं दाटलं की गाडीचं नाकही दिसेना. मामांनी दिवे खाली टाकले, काचा उतरवल्या आणि गाडी पायी चालणाऱ्याच्या चालीवर आणली. वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांना घड्याळाची आणि हुकूम सोडण्याची सवय. दहा मिनिटं त्यांनी कळ काढली आणि मग पूर्ण लाइट लावून वेगात घ्या म्हणून सांगितलं. मामांनी गाडी रस्त्याच्या खाली उतरवून थांबवली आणि पायाखालचा डिपर दाबून दिवा वर टाकला. समोर पांढरं धोतर वाळत घालावं तसं झालं.

"काय दिसतंय, इवाई?"

वडील करारी होते, पण खोटं बोलणारे नव्हते. "उजेड दिसतोय," ते म्हणाले.

"उजेड घरी बसून बी दिसतो," मामा म्हणाले आणि त्यांनी दिवा पुन्हा खाली टाकला. आता कडेच्या झाडांच्या बुंध्यांवरचे चुन्याचे पट्टे एकेक करून दिसायला लागले. वरबापाशी असं बोलणारा मुलीकडचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वडिलांचा चेहरा मफलरच्या आत लाल झालेला मला मागून कळत होता.

घाट उतरलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. तशातच खालच्या दिव्यात दोन चाकं दिसली. बाजाराला निघालेल्या सात बैलगाड्या एकामागे एक चालल्या होत्या, प्रत्येकीच्या मागे एखाददुसरी म्हैस नाहीतर कालवड बांधलेली. एकाही गाडीला दिवा नाही. उजाडलं की कंदील विझवायचा ही आमच्याकडची शिस्त, मग उजाडून काही दिसो न दिसो. मामांनी शेवटच्या गाडीमागे मोटार घेतली आणि बैलांच्या चालीने चालू लागले. फाटा अजून दीड कोसावर होता. वडिलांनी पुढे काढायला सांगितलं. रस्ता रुंद आहे, हॉर्न द्या, निघा.

"म्होरं गेलो तर ह्यांच्या मागं कोन हाय?" मामा म्हणाले. "मागनं ट्रक आला तर त्याला ही म्हस दिसनार न्हाई. माझा लाल दिवा दिसंल."

"मुहूर्त चुकेल."

"चुकंल."

वडिलांचा बांध फुटला. गाडी मागे फिरवा, हे लग्न होणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं, आणि ते बोलले की करणारे होते. मी खोका घट्ट धरून बसलो. मुलीला मी एकदाच पाहिलं होतं, पण त्या एका वेळेपासून माझं दुसरीकडे कुठे लक्ष लागत नव्हतं. माझं लग्न त्या शेवटच्या म्हशीच्या शेपटीइतकं जवळ होतं आणि हातचं जात होतं. आपण काहीतरी बोललं पाहिजे असं मला फार वाटलं आणि मी काहीही बोललो नाही, याची अजून लाज वाटते.

तेवढ्यात मागून पांढरा लोट आला. सगळे दिवे वर टाकून एक ट्रक सुसाट येत होता. ब्रेक किंचाळले आणि तो आमच्या लाल कंदिलापासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर शिव्या देतच उतरला, आमच्या पुढे आला, त्याने गाड्या पाहिल्या आणि मागे जाऊन आपले दिवे खाली टाकले. वडीलही उतरले. शेवटच्या गाडीत कडब्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारी झोपली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. वडील तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले, परत येऊन बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं.

फाटा आला तेव्हा मामांपुढे नवाच पेच पडला. आपण आत वळलो तर गाड्या पुन्हा बिनदिव्याच्या. त्यांनी उतरून सगळ्यांना लग्नाचं निमंत्रण दिलं. धुई फाटेस्तोवर थांबा, जेवून जा, बाजार कुठं पळत न्हाई. सातही गाड्या वळल्या. आणि आमच्या लाल कंदिलाला धरून तो ट्रकही वळला, कारण आपण हमरस्ता सोडला हे त्या बिचाऱ्याला कळलंच नाही. पावणेदहाला आम्ही मांडवापाशी पोचलो. नवरदेव, वरबाप, सात बैलगाड्या, नऊ म्हशी-कालवडी आणि एक ट्रक. माझे सासरे हात जोडून पुढे आले ते तसेच उभे राहिले. एका म्हशीने मांडवाच्या दाराची केळ खायला सुरुवात केली. सासूबाईंनी सख्ख्या भावाची सगळ्यांदेखत जी काढली ती इथे लिहिता येणार नाही. मामा शांतपणे दिवे बंद करत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मुहूर्त गेला, पन नवरदेव आनला का न्हाई?"

आता सगळे वडिलांकडे पाहायला लागले. ते परत फिरा म्हणाले असते तर कोणी अडवलं नसतं. वडिलांनी मफलर सोडला आणि भटजींना पुढचा मुहूर्त विचारला. गोरज मुहूर्तावर, संध्याकाळी गुरं घरी येताना, आमचं लग्न लागलं. दुपारच्या पंगतीला ट्रक ड्रायव्हर वाढायला होता. म्हातारीने मला आशीर्वाद दिला आणि लग्न कोणाचं आहे ते नंतर विचारलं.

मामा चुकले असं वडिलांच्या तोंडून त्यानंतर कधी निघालं नाही, बरोबर होते असंही निघालं नाही. फक्त पुढच्या हिवाळ्यात त्यांनी सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल काच बसवून घेतली.

पुढे मामांचे डोळे गेले. गाडी विकायला ते तयार नव्हते, म्हणून ती गोठ्यात उभी राहिली आणि आपली नजर नाही तरी तिचे दिवे ते रोज पुसत. शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना माझ्या गाडीतून नगरच्या दवाखान्यात नेत होतो. सकाळचं धुकं घाटापर्यंत होतं, पुढे लख्ख ऊन पडलं. मामा काच उतरवून, मान तिरकी करून बसले होते.

"दिवा खाली हाय ना?"

"आहे, मामा."

"लोकं बोटं करत्यात का?"

समोरून येणारा एकूणएक माणूस हात बाहेर काढून बोटं मिटत-उघडत होता. एक सायकलवाला तर दोन्ही हात सोडून सांगत होता. मी म्हणालो, "सगळे करतायत."

"मंग दिसतोय आपन," मामा म्हणाले, आणि न दिसणाऱ्या त्या सगळ्या लोकांसाठी त्यांनी आपला हात खिडकीबाहेर काढला.